रसायनातला पारा

‘रस’ म्हटलं की आमरस आठवतो, उसाचा रस आठवतो, कवितेवर बोलणारा थेट नवरसांत शिरतो. रसायनशास्त्रातला रस मात्र यांपैकी कुठलाच नाही. तो पारा आहे.

मुळात तसं नव्हतं. चरकसंहितेत रसायन हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे: म्हातारपण लांबवणारी, बळ देणारी चिकित्सा. च्यवनप्राश त्यातलाच. पुढे सिद्धांनी आणि तांत्रिकांनी पाऱ्याचा ध्यास घेतला आणि ‘रस’ हे पाऱ्याचंच नाव होऊन बसलं. रससिंदूर, रसकापूर, रसवैद्य हे सगळे शब्द त्यातूनच आले. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसशाळा कशी असावी याचं वर्णन आहे. पुण्यातल्या रसशाळा चौकाच्या नावातही तोच जुना पारा आहे. इंग्रजी केमिस्ट्रीच्या मुळाशी असलेला अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडेही आला, पण मराठीत त्याची ‘किमया’ झाली आणि ती जादूच्या बाजूला गेली. शास्त्रासाठी आपण रसायन ठेवलं. ही निवड मला फार मोलाची वाटते.

कारण आधुनिक भारतीय रसायनाचा पाया ज्यांनी घातला, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं नावही पाऱ्यामुळेच झालं. एडिंबरोहून 1887 साली डी.एस्सी. होऊन ते परतले आणि 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. त्यांना मर्क्युरस नायट्रेट जास्त प्रमाणात हवं होतं, म्हणून पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्ल ओतून ते न तापवता ठेवलं होतं. थोड्या वेळाने पाऱ्यावर पिवळे स्फटिक धरलेले दिसले. नायट्रेटचा रंग असा नसतो. दुसऱ्या एखाद्याने ते गाळून टाकले असते. राय यांनी त्यांचं पृथक्करण केलं. ते मर्क्युरस नायट्राइट निघालं. नायट्राइट म्हणजे चटकन मोडणारा प्रकार, आणि इथे तर त्याचे चांगले स्फटिक हाती आले होते. हे संशोधन 1896 साली प्रसिद्ध झालं आणि पुढची कित्येक वर्षं नायट्राइटांनी त्यांना सोडलं नाही. अमोनियम नायट्राइट तापवलं की त्याचा नायट्रोजन आणि पाणी होतं, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. राय यांनी निर्वातात त्याची वाफ करून तिची घनता मोजली. 1912 साली लंडनमध्ये हे काम मांडलं तेव्हा ब्रिटिश रसायनज्ञ विल्यम रॅम्झी यांनी त्यांचं कौतुक केलं.

याच माणसाने जुने रसग्रंथ धुंडाळले. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्या पत्राने त्या कामाला जोर आला, आणि 1902 साली ‘हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’चा पहिला खंड निघाला. दिवसा प्रयोगशाळेत पारा आणि टेबलावरच्या पोथ्यांतही पारा.

पुढे राय मर्कॅप्टन या गंधकयुक्त कार्बनी संयुगांकडे वळले. हा शब्द कोपनहेगनच्या विल्यम झाइसे यांनी 1834 मध्ये घडवला. गंधकाचं हे नवं द्रव्य पाऱ्याच्या ऑक्साइडशी झपाट्याने संयोग पावतं हे पाहून त्यांनी लॅटिन शब्द जोडले: ‘मर्क्युरियम कॅप्टन्स’, पाऱ्याला पकडणारं. स्वयंपाकघरात गॅस गळला की जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथिल मर्कॅप्टनचा. नव्या परिभाषेत मर्कॅप्टनला थायॉल म्हणतात. ते ग्रीकमधल्या गंधकाच्या नावावरून. नियमाला धरून आहे खरं, पण झाइसे यांनी काय पाहिलं ते त्या नावात उरलेलं नाही.

अकरावीला रसायनाच्या पहिल्या तासाला शिक्षक व्याख्या लिहून देतात. त्याआधी पाच मिनिटं त्यांनी ‘रस’ या शब्दाला द्यावीत आणि राय यांचे ते पिवळे स्फटिक मुलांना सांगावेत.