गळ्यावरचा पिवळा डाग

गेल्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलाने मला त्याच्या अब्बांच्या मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. घरामागे ठेवलेल्या पाण्याच्या परळावर एक लहानसा पक्षी बसला होता. "सर, ही कोणती चिडिया?" मी पेपर तपासत होतो. नजर टाकल्यासारखे केले आणि म्हणालो, "अरे, चिमणीच आहे. दुसरं काय असणार?" मुलाने मोबाइल खिशात घातला आणि तो गेला.

दोन-तीन दिवसांनी तोच पक्षी माझ्या अंगणात आला. मोहाचे दिवस होते. रंग मातकट, खांद्यावर तांबूस छटा, पंखावर पांढरी पट्टी आणि गळ्यावर पिवळा डाग. हळदीचे बोट पुसावे तसा. घरात येणारी चिमणी अशी नसते, एवढे मला कळले. आणि मी त्या मुलाला न बघताच उत्तर दिले होते, हेही कळले.

हा पिवळा डाग आपल्या देशाच्या इतिहासात नोंदला गेलेला आहे. साधारण १९०८ साली मुंबईत दहा-बारा वर्षांच्या एका मुलाच्या हातात अशीच एक चिमणी होती. त्याचे नाव सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, सुलेमानी बोहरा कुटुंबातला. वडील गेले तेव्हा ते वर्षाचे होते आणि आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या भावंडांना वाढवले. मामू शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक आली आणि त्याने आसपासच्या चिमण्या मारायला सुरुवात केली. मारलेल्या चिमण्या हलाल करून घरात रांधल्या जात.

एक दिवस पडलेली चिमणी वेगळी निघाली. गळ्यावर पिवळा डाग. आता सवाल असा की ही खायची की नाही? ही आपली नेहमीची चिमणी आहे, की भलताच कोणता पक्षी? मुलगा ती घेऊन मामूंकडे गेला.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठे वाटतात ते मामू. ते शिकारी होते, घरातले वडीलधारे होते. "चिमणीच आहे, जा खा," असे म्हणून त्यांनी विषय संपवला असता तर कोणी काही बोलले नसते. पण त्यांना ती ओळखता आली नाही आणि त्यांनी ते लपवले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला तिकडे पाठवले.

गोऱ्या साहेबासमोर जायचे म्हणून मुलगा घाबरला होता. मिलार्डसाहेबांनी चिमणी पाहिली आणि तिचे नाव सांगितले. मराठीत आपण तिला रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी म्हणतो. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, पुस्तके वाचायला दिली, पक्ष्याची कातडी जतन करायला शिकवायची व्यवस्था केली. पुढे हाच मुलगा भारताचा सर्वात मोठा पक्षितज्ज्ञ झाला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. १९८५ मध्ये आत्मचरित्र आले, त्याचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे चिमणीचे पडणे.

सवाल तर दस्तरखानावरचा होता: खाणे जायज आहे का? पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी तो पक्षी कोणता, हे कळायला हवे. हुकूम नंतर, ओळख आधी. एवढा क्रम पाळला गेला आणि त्यातून एक आयुष्य घडले.

त्याच वयातली त्यांची आणखी एक नोंद आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत, नर बाहेर राखणीला. मुलाने नराला मारले. थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी आला. त्यालाही मारले, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण मुलाने जे पाहिले ते लिहून ठेवले. अनेक दशकांनी ती नोंद 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स'मध्ये छापली गेली. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. नर घरटे अर्धे विणतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे घेतो, हे त्यांनी टिपले.

'टिपणे' हा मराठी शब्द मला फार आवडतो. चिमणी दाणे टिपते, शिकारी पक्षी टिपतो, कॅमेरावाला फोटो टिपतो आणि अभ्यासकही टिपणच काढतो. सलीम अलींच्या आयुष्यात बंदुकीने टिपणे आणि वहीत टिपणे दोन्ही होते. त्या काळी नमुना हातात घेतल्याशिवाय अभ्यास होत नसे. आपल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे. पाखराचा जीव न घेता तोच सवाल विचारता येतो.

चिमूर ताडोब्याच्या शेजारी. कोलारा गेटकडे जाणारे लोक वाघ विचारतात. घरच्या अंगणात मात्र तांदळाची कनकी आणि पाण्याचे परळ ठेवले तरी पुरते. नेहमीच्या चिमणीचा नर ओळखायचा तो राखाडी टोपी, बाजूला तपकिरी पट्टा आणि गळ्याखालच्या काळ्या डागावरून. तिची मादी फिकी, पाठीवर काळपट रेघा. रानचिमणीच्या पाठीवर रेघा नसतात आणि चोच जरा बारीक असते. विणीच्या दिवसांत नराची चोच काळी होते. मादीच्या गळ्यावरचा पिवळा रंग पुसट, कधी दिसतही नाही. घरची चिमणी वळचणीला, भिंतीच्या भोकात घरटे करते, रानचिमणी झाडाच्या ढोलीत. मोहाच्या फुलातला रसही तिला आवडतो. सुगरणीची मादी तर घरच्या चिमणीसारखी इतकी दिसते की चांगले चांगले फसतात.

फोटो काढताना ऊन आपल्या पाठीशी असावे. एक फोटो गळ्याचा, एक पंखाचा, एक पाठीचा. घरट्याजवळ जाऊ नये. परळ उथळ असावे, रोज धुवावे आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवावे.

चिमणीसाठी मोठे काम केलेले आणखी एक नाव आपल्याच महाराष्ट्रातले आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालाप्रमाणे देशभरात घरच्या चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटली आहे. हेसुद्धा कळले ते हजारो साध्या माणसांनी केलेल्या नोंदींवरून.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलाला बोलावले. म्हणालो, "बेटा, त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं. फोटो परत दाखव." त्याने तो पुसून टाकला होता. सरांनीच चिमणी म्हटल्यावर ठेवून काय करायचे, असे त्याला वाटले.

अमीरुद्दीन मामूंनी एक चिठ्ठी लिहिली होती. मला मान वर करून फक्त बघायचे होते. आता आमच्या वर्गात एक वही ठेवली आहे. पाखराचे नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही. पहिल्या पानावर त्या मुलाची नोंद आहे: परळावर एक पक्षी, गळा पिवळा. पुढचा रकाना आम्ही दोघांनी मिळून भरला.