दप्तर हिवाळ्याचं, रान बारमाही : वडसाच्या फुला-पाखरांचा इतिहास कसा वाचायचा?

संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज विषय जरा मोकळ्या हवेतला घेऊ. समजा तुम्हाला असा प्रश्न पडला : दीडशे वर्षांपूर्वी हिवाळ्यात वडसाच्या आसपास रानात, बांधावर फिरणाऱ्या माणसाला काय दिसत असेल? कोणती फुलं आधी उमलत असतील, तळ्यावर कोणती पाखरं उतरत असतील? आणि आज दिसतं ते त्याहून वेगळं आहे का?

प्रश्न सोपा वाटतो. 'पळस हल्ली लवकर फुलतो', 'पूर्वी तळी बदकांनी भरून जायची' ही वाक्यं आपण चहाच्या टपरीवर बोलतो आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेतही लिहून मोकळे होतो. व्हायव्हाला मात्र कुणी विचारलं, की 'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी आणि ते कोणी पाहिलं, तर पंचाईत होते. म्हणून हा प्रश्न धरून साधनं कशी तपासायची ते पाहू.

आधी आज काय आहे ते बघा

वडसा हे रेल्वे स्टेशनचं नाव, देसाईगंज हे तालुक्याचं. वैनगंगेच्या काठचं हे गाव झाडीपट्टी नाटकांसाठी प्रसिद्ध आहे. धान घरात आलं की मंडळ्यांची गाडी रात्री गावोगाव निघते. ज्या हंगामात नाटकं रंगतात, त्याच हंगामात दिवसा रान पाहण्यासारखं असतं.

धान कापलेल्या बांधीत गोरखमुंडीचे जांभळट गोंडे दिसतात. धानाच्या ओलीवर टाकलेली लाखोळी निळी फुलते. जानेवारी उलटला की काटेसावर, पांगारा, मग धायटी आणि गणेर, फेब्रुवारी-मार्चात पळस. पळस आणि सावरीच्या फुलांतला मध प्यायला पळसमैनांचे थवे येतात. तळ्यांवर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे असतात, काठाला धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात. मार्चच्या शेवटी मोह गळायला लागतो, आणि हिवाळा संपल्याची खूण पटते.

ही आजची यादी. आता मागे जाऊ.

पहिली अडचण : नाव आणि हद्द

'गडचिरोली' हा शब्द घेऊन जुनी जिल्हा-कागदपत्रं शोधलीत तर फार काही हाती लागणार नाही. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, आणि चंद्रपूरचं जुनं सरकारी नाव चांदा. म्हणजे तुमचे शोधशब्द चांदा, वैरागड, ब्रह्मपुरी असे हवेत, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघायला हवं.

हद्दीचा घोळ वनस्पतींच्या बाबतीत आणखी मोठा. महाराष्ट्रातला विद्यार्थी जुनी फुलं शोधायला पहिल्यांदा थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची 'फ्लोरा' उघडतो. ती १९०१ ते १९०८ दरम्यान निघाली. पण चांदा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. त्यामुळे कुकच्या ग्रंथात एखादं झाड 'चांद्याला सापडतं' असं नाही, याचा अर्थ ते तिथे नव्हतं असा होत नाही. चांदा हा कुक यांच्या कामाचा भागच नव्हता. इथे तुम्हाला हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'कडे आणि मध्य प्रांताच्या वनखात्याच्या कागदांकडे वळावं लागतं. १९५६ आणि १९६० मध्ये राज्यांच्या हद्दी बदलल्या, पण जुने ग्रंथ त्याप्रमाणे बदलले नाहीत. हे नेहमी लक्षात ठेवा.

दुसरी अडचण : दप्तर हिवाळी आहे

आता मुख्य मुद्दा. इंग्रज अधिकाऱ्याचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असायचं. पावसाळ्यात मुख्यालय, हिवाळ्यात दौरा. साधारण नोव्हेंबरपासून तंबू, बैलगाड्या, कारकून घेऊन साहेब गावोगाव फिरायचा. बंदोबस्त अधिकारी, वनाधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ सगळ्यांचं असंच. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा जमीन-महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. कॅप्टन फॉरसिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं प्रसिद्ध पुस्तक १८७१ चं. असे ग्रंथ मोठ्या प्रमाणात या थंडीच्या दौऱ्यांवर उभे आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेचे संपादक झाले. त्यांच्या खात्याची क्षेत्रकामाची वेळही हीच.

आणि कारण उघड आहे. जुलैत वैनगंगा दुथडी भरते, नाले अडवतात, काळ्या मातीत गाडीचं चाक रुततं, हिवतापाची भीती वेगळीच. साहेब त्या दिवसांत रानात शिरत नव्हता.

परिणाम काय झाला? हिवाळ्यात येणारी बदकं आणि पाणलावे कागदावर भरपूर आले, पावसाळ्यात घरटी करणारे पक्षी कमी आले. त्यात साहेबाच्या हातात बंदूक. जुन्या गॅझेटियरमधला प्राण्यांवरचा परिच्छेद वाचा : शिकारीला काय मिळतं याचीच ती यादी असते. बांधावर शेपटी हलवणाऱ्या धोबी पक्ष्याला तिथे फारशी जागा नाही.

अपवाद आहेत, आणि ते नोंदवायला हवेत. अंडी-घरटी जमवणारे लोक उन्हाळा-पावसाळ्यातही काम करत. ह्यूम यांच्या घरट्यांवरच्या ग्रंथात रायपूरकडच्या एफ. आर. ब्लूइट यांच्या पुष्कळ नोंदी आहेत. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातले ई. ए. डि'ॲब्र्यू तर इथेच राहून काम करणारे. मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १९३५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आली. म्हणजे दप्तर सरसकट हिवाळी आहे असं म्हणू नका. कोणतं साधन कोणत्या हंगामात तयार झालं, ते प्रत्येक वेळी विचारा.

एका पिंगळ्याची गोष्ट

'इतकं खोलात कशाला जायचं?' असं वाटत असेल तर हे वाचा. १८७२ साली याच ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना भागात एक पिंगळा मिळवला. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं. हा रानपिंगळा. १८८४ पर्यंत त्याचे मोजके सात नमुने मिळाले. त्यानंतर एकच नोंद होती : १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा, कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने हातात घेऊन तपासले. १९१४ चा म्हणून ठेवलेला पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना निघाला. तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही मिळाला.

यातून दोन गोष्टी घ्या. कागदावर ठिकाण आणि तारीख स्वच्छ लिहिलेली आहे म्हणून ती खरी असतेच असं नाही. आणि शंभर वर्षं नोंद नाही, म्हणजे पक्षी नाही, असंही नाही. एका खोट्या चिठ्ठीमुळे एखाद्या जातीचं संरक्षण किती वर्षं मागे पडू शकतं, याचा विचार करा.

पळस लवकर फुलतो का?

आता फुलाकडे. लोक सांगतात, 'होळीला पळस फुलतो.' ही लोकस्मृती मोलाची आहे, पण तिचं माप समजून घ्या. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला. अठरा दिवसांचा फरक, तो अधिक महिन्यामुळे. झाड तिथीवर चालत नाही. पळसाचा बहर समजा शंभर वर्षांत आठ-दहा दिवसांनी अलीकडे सरकला असेल, तर 'होळीला फुलतो' या वाक्यातून तो पकडता येणार नाही. वाक्य तेव्हाही खरं, आजही खरं.

मग वनस्पतिसंग्रहालयातला वाळवलेला नमुना बघू. त्यावर तारीख असते, ठिकाण असतं. पण त्या दिवशी झाड फुलावर होतं एवढंच तो सांगतो. पहिलं फूल कधी आलं ते नाही. शिवाय तोही बहुधा दौऱ्यातच गोळा झालेला.

म्हणजे दौऱ्याच्या रोजनिशीत तारीख पक्की, पण निरीक्षक पुढच्या मुक्कामाला गेलेला. लोकांच्या बोलण्यात जागा पक्की, वर्षानुवर्षांची, पण तारीख सैल. नमुन्यात दोन्ही पक्कं, पण एकाच दिवसाचं. तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय 'लवकर' हा शब्द वापरू नका.

जे तिथेच राहिले

रानात राहून बारा महिने लिहिणारा माणूस हवा असेल, तर वडसाहून गोंदियाच्या गाडीत बसा. वाटेत अर्जुनी लागतं, तिथून नवेगावबांध जवळ. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून तिथे काढलेले दिवस त्यांच्या पुस्तकांतून आपल्याला मिळतात. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. संशोधक म्हणून त्यांची पुस्तकं वाचताना एक बघा : माहिती कोणाकडून आली हे ते सांगतात. गावचे माधवराव पाटील, गोंड, ढिवर. सरकारी अहवालात ही माणसं वाटाड्या किंवा हाकेवाले म्हणून येतात. इथे ती जाणकार म्हणून येतात.

ही तळीही निसर्गतः झालेली नाहीत. कोहळी समाजाने बांधलेले हे जुने तलाव; आज त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पाहुणी बदकं उतरतात ती माणसाने अडवलेल्या पाण्यावर. तलावातली झाडं, मासे, पाखरं ढिवरांना नावानिशी माहीत आहेत, आणि त्या ज्ञानाच्या आधारे तलाव सुधारण्याचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने केलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यास गट भरवून स्वतःच्या जंगलाचा अभ्यास केला. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 'संशोधक' कोण, हा प्रश्न या जिल्ह्यात आधीच विचारला गेला आहे.

आणि आता, वाघ

शेवटचा मुद्दा क्षेत्रकामाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात 'सीटी-१' हा वाघ पकडला गेला. वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. सरपणाला, मोहाला अंधारात निघणारी बाईच पहिलं फूल पाहते. तिचं जाणं थांबलं की त्या वर्षीची नोंदही कुणाच्या डोक्यात राहत नाही. तुम्ही पहाटेच्या फेरीला कुणाला सोबत बोलावता, तेव्हा त्या माणसाचा धोकाही तुमच्या आराखड्यात लिहा. वनखात्याची परवानगी, ग्रामसभेची संमती, उजाडल्यावरची वेळ, गावाजवळचा बांध : यात काम होतं. गोरखमुंडी आणि धोबी पक्षी बघायला दाट रानात शिरावं लागत नाही.

या हिवाळ्यात एवढं करा. आपल्या गावाजवळचं एक झाड आणि एक तळं निवडा. मार्चपर्यंत दर आठवड्याला ठरल्या दिवशी जा. तारीख, वेळ, ठिकाण, जे दिसलं ते आणि जे दिसलं नाही तेही लिहा. सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारून लिहा. मग जून-जुलैतही तिथेच जा, चिखल असला तरी. जुन्या दप्तरात जे महिने कोरे आहेत, ते तुमच्या वहीत कोरे राहू देऊ नका.