चार स्क्रूंची मान

जुनी, स्वस्तातली शिकाऊ इलेक्ट्रिक गिटार सुधारून घ्यावी की तिला निरोप देऊन नवी आणावी, हा प्रश्न वरवर पाहता खिशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो या वाद्याच्या घडणीतच रुजलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने बाजारात आणलेली गिटार पुढच्याच वर्षी ‘टेलिकास्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर चांगल्या गिटारची मान धडाच्या खाचेत सरसाने कायमची बसवत. ती वाकली तर सांधा वाफेने सोडवून पुन्हा बसवणं हे मुरलेल्या कारागिराचंच काम असे. फेंडरने लाकडाच्या सपाट फळीचं धड घेतलं आणि मेपलची मान त्याला चार स्क्रूंनी आवळली. बिघडलेला भाग काढा, दुसरा लावा, ही रेडिओच्या दुकानातली रीत त्याने वाद्यात आणली. भाग बदलत बसण्याचा आजचा नाद हा त्या चार स्क्रूंचा वारसा आहे. पण कोणता भाग आधी पाहायचा, याचं उत्तरही याच इतिहासात आहे, आणि बाजार सांगतो त्यापेक्षा ते वेगळं आहे.

फेंडरच्या अगदी पहिल्या काही गिटारांच्या मानेत लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नव्हती. मेपल टणक लाकूड, त्यातून मान बदलता येण्याजोगी, मग सळईचा खर्च कशाला, असा हिशेब होता. तारांच्या ताणाने माना वाकू लागल्या आणि थोड्याच काळात सळई घालावी लागली. नवी मान मिळते एवढ्यावर वाजवणाऱ्याचं समाधान होत नाही. हातातली मान सरळ राहावी, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून भाग बदलण्याआधी जुळवणी, हा या प्रकरणाचा धडा. सळई पिळून मानेचा बाक काढणं, घोडीवरून तारांची उंची ठरवणं, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा नीट खोल करणं, फ्रेट, म्हणजे मानेवरचे धातूचे पडदे, एका पातळीत घासणं, या कामांना मुख्यतः हात आणि वेळ लागतो. मराठी वाचकाला ही दृष्टी परकी नाही. तारांच्या घर्षणाने सतारीची घोडी झिजून नाद बोथट झाला, की मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढून देतो. त्यासाठी कोणी नवी सतार घेत नाही. शिकाऊ गिटारबद्दलच्या बहुतेक तक्रारी, तारा दाबताना बोटं दुखणं, वरच्या पडद्यांवर सूर चुकणं, तार मध्येच खरखरणं, याच जातीच्या असतात.

मग नवा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बसवण्याकडे एवढा ओढा का? त्याचं मूळ १९७०च्या दशकात आहे. १९६५ साली फेंडरची कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली आणि नव्या गिटारांना पूर्वीची सर नाही, असं वादक उघड बोलू लागले. शिवाय रॉकला अधिक जोरकस, फाटलेला आवाज हवा होता. लॅरी डिमार्झिओने १९७२ साली ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा सुटा पिकअप काढला. १९७६ साली सेमूर डंकनची पिकअप बनवणारी कंपनी उभी राहिली. दोन वर्षांनी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्याची घरी जुळवलेली गिटार दंतकथा झाली. धड ५० डॉलरचं, मान ८० डॉलरची आणि पिकअप गिब्सन कंपनीच्या एका जुन्या गिटारमधून काढलेला. हे उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. गिब्सनचा भरदार आवाज आणि फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारचा ट्रेमोलो, म्हणजे सूर वरखाली करणारा दांडा, एकाच वाद्यात हवा, हे व्हॅन हेलनला पक्कं ठाऊक होतं. कोणता आवाज हवा हे ज्याचं ठरलेलं नाही, त्याने पिकअप बदलणं म्हणजे चष्म्याचा नंबर न काढताच काचा बदलण्यासारखं आहे.

शिवाय स्वस्त म्हणजे वाईट आवाज, हे समीकरणही टिकत नाही. सीअर्स ही अमेरिकन कंपनी १९६०च्या दशकात डॅनइलेक्ट्रोने बनवलेल्या ‘सिल्वरटोन’ गिटारी नवशिक्यांना विकत असे. १९६२च्या एका मॉडेलच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता. धड म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला हार्डबोर्ड आणि पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळीत भरलेले. काटकसर यापुढे जाणं कठीण. तरीही लेड झेपलिनच्या जिमी पेजने डॅनइलेक्ट्रो मैफलींत वाजवली आणि पुढे सेमूर डंकनच्याच कंपनीने स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसतील असे लिपस्टिक नळीचे पिकअप विकायला काढले. काटकसरीतून जन्मलेला आवाज ‘सुधारणा’ म्हणून विकला जाऊ लागला. आवाजाची प्रतवारी किमतीच्या चिठ्ठीवरून होत नाही, याला आणखी पुरावा कशाला?

जुनी गिटार सुधारून घेण्यावर एक आक्षेप रास्त आहे: सुट्या भागांची बेरीज नव्या, बऱ्या गिटारच्या किमतीपुढे जाते आणि विकताना ते पैसे परत येत नाहीत. हे खरं आहे, आणि म्हणूनच आवाजासाठी खर्च सर्वांत शेवटी. सूर टिकत नाही म्हणून खुंट्या बदलण्याआधीही नटच्या खाचा आणि तारा गुंडाळण्याची पद्धत तपासावी. दोष बहुधा तिथेच सापडतो. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: जुन्या वस्तूला हातच लावू नये. फेंडरने १९८२ साली स्वस्तातली म्हणून जपानमध्ये बनवून घेतलेली पहिली ‘स्क्वायर’ गिटार आज संग्राहक शोधत फिरतात, हे या आक्षेपाचं प्रमाण. पण उद्या तिची किंमत वाढेल म्हणून आज न वाजणारी गिटार सांभाळणं हे वाद्यावरचं प्रेम नव्हे. काढलेला प्रत्येक भाग डब्यात जपून ठेवला आणि लाकडात नवी भोकं पाडली नाहीत, तर हा आक्षेपही उरत नाही.

तेव्हा निकाल पिकअपवर नव्हे, मानेवर लावावा. मान सरळ असेल, सळई फिरत असेल आणि फ्रेटमध्ये जीव असेल, तर गिटार ठेवावी, जुळवून घ्यावी आणि वर्षभर वाजवून मगच आवाजाचा विचार करावा. मान पिळवटलेली असेल आणि सळई काम करत नसेल, तर मात्र मोह सोडावा. फेंडरने जो भाग सर्वांत सहज बदलता यावा म्हणून चार स्क्रूंवर टांगला, त्या मानेचीच चांगली बदली आज अख्ख्या शिकाऊ गिटारपेक्षा महाग पडते.