जुन्या कॅमेऱ्याला झूम घेताय? आधी साल बघा!

बाबांचा निकॉन एफएम२ माझ्याकडे आला, पण लेन्सशिवाय. ताईचं लग्न जवळ आलेलं. एकाच लेन्समध्ये मंडपही यावा आणि चेहरेही, म्हणून झूम शोधायला लागलो.

३५ मिमी एसएलआरसाठी पहिली झूम १९५९ मध्ये आली, फॉइग्टलँडरची झूमार, ३६-८२ मिमी. मग १९६३ मध्ये निकॉनची ४३-८६. आटोपशीर होती, भरपूर खपली. पण सरळ रेषा वाकवायची.

मला तीच स्वस्तात मिळत होती. पैसे देणार, तेवढ्यात कळलं की १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली. माउंट जुनाच, पण अपर्चर रिंगची मागची कड बदलली. त्याआधीची लेन्स एफएम२ वर जबरदस्तीने बसवली, तर बाबांच्या कॅमेऱ्याचं नुकसान झालं असतं! आम्ही कोडवाले याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीचा घोळ म्हणतो.

शेवटी १९८० च्या दशकातली ३५-१०५ एआय-एस घेतली. ३५ ला अख्खा मंडप, १०५ ला ताईचे डोळे. उजेड जरा कमी घेते, म्हणून ४०० चा रोल आणि फ्लॅश सोबत.

तर मंडळी, किंमत नंतर. आधी साल विचारा.