५:३३ ची गाडी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी अधूनमधून 'इतिहास' लिहीत आलो आहे. पानिपत झालं, कान्होजी आंग्रे झाले, शनिवारवाड्याची आग झाली. या वेळी संपादकांचा फोन आला तेव्हा मनात आलं, आपण या देशात तीस-पस्तीस वर्षं काढली. या काळात इथलाही थोडा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. तो आपण नाही तर कोण लिहिणार? म्हणून हा लेख. विषय दिवाळी अंकात शोभेल असा नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

१९९३ साली आम्ही लाँग आयलंडवर मिनिओलाला भाड्याच्या घरात राहत होतो. मी, शुभदा आणि तीन वर्षांची केतकी. नोकरी मॅनहॅटनमध्ये. संध्याकाळी पेन स्टेशनहून ५:३३ ची हिक्सव्हिल लोकल धरायची, ही माझी बहुतेक रोजची गाडी. मंगळवार, ७ डिसेंबरला वर्षअखेरीच्या कामामुळे मला उशीर झाला आणि ती चुकली. पुढची गाडी मिळाली, पण ती जमैकाला जी थांबली ती हलेचना. आधी सिग्नल म्हणाले, मग 'पोलिसांचं काम' म्हणाले. मोबाइल तेव्हा आपल्यासारख्यांच्या खिशात आलेले नव्हते. शुभदा मिनिओलाच्या पार्किंगमध्ये केतकीला मागच्या सीटवर झोपवून बसली होती. ५:३३ ची गाडी मिनिओलाला आलीच नाही. मी घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दार उघडून ती काही बोलली नाही. तिने आधी माझ्या कोटाच्या बाहीला हात लावून पाहिला.

काय घडलं होतं ते पुढे सगळ्यांना कळलं. मेरिलन अ‍ॅव्हेन्यू स्टेशन जवळ आलं असताना तिसऱ्या डब्यातला एक प्रवासी उठला आणि ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेऊन डब्यातून चालत गोळ्या झाडू लागला. सहा माणसं गेली, एकोणीस जखमी झाली. त्या माणसाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याला पुरेशी प्रसिद्धी मिळाली आहे. खटल्यात त्याने वकील सोडून दिले आणि ज्यांना गोळ्या घातल्या त्यांचीच उलटतपासणी स्वतः घेतली. १९९५ मध्ये त्याला तीनशेहून अधिक वर्षांची शिक्षा झाली.

पण पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी एक तपशील आहे, तो सांगायला हवा. त्याच्याकडे पंधरा-पंधरा गोळ्यांची मॅगझिन होती. दोन रिकामी झाली, तिसरं चढवायला तो थांबला, आणि त्या काही सेकंदांत तिघा प्रवाशांनी त्याच्यावर झडप घालून त्याला खाली पाडलं. ते पिस्तूल त्याने कॅलिफोर्नियात, तिथल्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवस थांबून, रीतसर विकत घेतलेलं होतं.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. बंदूक म्हणजे सरकारने दिलेली आणि सरकार केव्हाही मागून घेईल अशी वस्तू, हेच डोक्यात पक्कं. इथे उलट. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने ती नागरिकाच्या हक्काची गोष्ट झालेली. आपण आल्याआल्या हसतो या प्रकाराला. पण १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं, ही तक्रार राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून आपल्याच पुढाऱ्यांनी केली होती, हे आपण विसरतो. तेव्हा बंदूक बाळगू इच्छिणारा प्रत्येक अमेरिकन वेडा, असं समजायचं कारण नाही. मिनिओलाचे आमचे घरमालक शिकारी होते आणि माणूस म्हणून देवमाणूस होते.

तर त्या डब्यात मिनिओलाचंच एक कुटुंब होतं. वडील, डेनिस मॅकार्थी, जागीच गेले. मुलगा केव्हिनच्या डोक्यात गोळी लागली. तो जगेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. त्याची आई कॅरोलिन मॅकार्थी व्यवसायाने परिचारिका होती. तिने मुलाला उभं केलं, बोलायला-चालायला पुन्हा शिकवलं, आणि हे चालू असतानाच ती राजकारण्यांच्या दारात जाऊ लागली. तिची मागणी सरळ होती. मॅगझिन पंधरा गोळ्यांचं नसतं, तर तो माणूस आधी थांबला असता.

१९९४ मध्ये तसा कायदा झालाही. हाऊसमध्ये तो २१६ विरुद्ध २१४ मतांनी, म्हणजे अगदी काठावर मंजूर झाला. १३ सप्टेंबर १९९४ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. लष्करी धाटणीच्या अनेक निमस्वयंचलित बंदुकांवर आणि दहाहून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली, पण दहाच वर्षांच्या मुदतीची. त्याच नोव्हेंबरमध्ये वारं फिरलं. हाऊस रिपब्लिकन पक्षाकडे गेलं आणि आमच्या चौथ्या मतदारसंघातून त्या पक्षाचे डॅन फ्रिसा निवडून आले. बंदी रद्द करायचं विधेयक येणार, अशी चर्चा सुरू झाली.

१९९६ च्या त्या हिवाळ्यात एका रात्री शुभदा जेवणाच्या टेबलावर पत्र लिहायला बसली. फ्रिसांना. चांगलं दीड पानी पत्र होतं. पार्किंगमध्ये बसून काढलेल्या त्या चार तासांबद्दल तिने लिहिलं होतं. मी वाचलं आणि म्हणालो, "आपण ग्रीन कार्डवाले. आपल्याला मत नाही. उद्या सिटिझनशिपचा अर्ज करायचा आहे, कशाला कुठे नाव लागू द्यायचं? आणि तो काय तुझं पत्र वाचून मत बदलणार आहे?" पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही आणि पत्र लिहिल्याने अर्जाचं काही बिघडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नाही, हे जास्त खरं. तिने वाद घातला नाही. पाकिटावर तिकीट लावून झालं होतं, ते तसंच टेबलाच्या खणात गेलं.

२२ मार्च १९९६ ला हाऊसने २३९ विरुद्ध १७३ मतांनी बंदी रद्द करायच्या बाजूने कौल दिला. फ्रिसांचं मत रद्द करण्याच्या बाजूने होतं. त्या बाजूची मांडणी अशी होती की हा कायदा बंदुकीचं रूप पाहून बंदी घालतो, गुन्हेगार त्याने अडत नाही, अडतो तो सरळ माणूस. सिनेटने ते विधेयक पुढे नेलं नाही, त्यामुळे बंदी तशीच राहिली. पण त्या मताची बातमी कॅरोलिन मॅकार्थीला कळली तेव्हा कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही उभ्या राहणार का? आणि ती नाही म्हणाली नाही.

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या तिकडच्या नातेवाइकांना ही गोष्ट सांगताना मला नेहमी अडायला होतं. तिकडे खासदार पक्षाच्या व्हिपने बांधलेला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर व्हिप मोडला की खासदारकी जायची भीती. त्यामुळे अमुक विधेयकावर आपल्या खासदाराने काय मत दिलं, हा प्रश्नच कुणी विचारत नाही, पक्षाला विचारतात. इथे प्रत्येक सभासदाचं मत नावानिशी नोंदलं जातं आणि ते त्याचं स्वतःचं धरलं जातं. पक्षाच्या मागे लपता येतं, पण फार नाही. शिवाय हाऊसची निवडणूक दर दोन वर्षांनी. म्हणजे मार्चमधल्या मताचा जाब नोव्हेंबरमध्ये द्यायचा.

मॅकार्थी स्वतः नोंदणीकृत रिपब्लिकन होती. ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर उभी राहिली. ऑगस्टमध्ये त्या पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात तिचं भाषण झालं. टीव्हीवर ते पाहताना शुभदा माझ्याकडे न बघता पोळ्या लाटत होती. ५ नोव्हेंबर १९९६ ला मॅकार्थीला सुमारे सत्तावन्न टक्के मतं पडली, फ्रिसा एका टर्ममध्ये घरी गेले. कधी कुठलं पद न भूषवलेली बाई एका मतावरून मतदारसंघ फिरवते, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. आमच्या गल्लीतले लोक शाळेत मत टाकून परत येताना मी खिडकीतून बघत होतो.

गोष्ट इथे संपवली तर ती सोपी होईल. त्याच दिवशी टेक्सासमध्येही एक बाई निवडून आली, विधानसभेवर. सुझाना ग्रेशिया हप. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या ल्यूबीज कॅफेटेरियात ती आईवडिलांबरोबर जेवत असताना एका माणसाने खिडकी फोडून ट्रक आत घातला आणि तेवीस जणांना मारलं. त्यात तिचे आई आणि वडील दोघेही गेले. तिचा हात पर्सकडे गेला, आणि मग आठवलं की पिस्तूल गाडीत आहे. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्याने ते लपवून जवळ बाळगणं गुन्हा होता म्हणून तिने ते बाहेर ठेवलेलं. तिने निष्कर्ष काढला तो नेमका उलटा: आमदारांनी आपल्याला निःशस्त्र केलं म्हणून आईवडील गेले. ती गावोगावी बोलत फिरली. १९९५ मध्ये तिथला कायदा बदलला, परवान्याने बंदूक जवळ बाळगायची मुभा मिळाली. गव्हर्नर होते जॉर्ज डब्ल्यू. बुश.

एकीचा नवरा गेला, दुसरीचे आईबाप. दोघी एकाच दिवशी निवडून आल्या, एकमेकींच्या विरुद्ध मागण्या घेऊन. माझं स्वतःचं मत मॅकार्थीच्या बाजूचं आहे, ते मी लपवत नाही. पण हपबाईंची साक्ष वाचल्यापासून मी पार्ट्यांमध्ये 'या लोकांना अक्कल नाही' म्हणणं सोडलं.

मॅकार्थी निवडून आली म्हणजे जिंकली असंही नाही. २० एप्रिल १९९९ ला कोलंबाइन शाळेत तेरा जणांचा बळी गेला. मेमध्ये सिनेटमध्ये बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या विक्रीवर तपासणी आणणारी दुरुस्ती उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० अशी तरली. जूनमध्ये हाऊसमध्ये तशीच दुरुस्ती मॅकार्थीने आणली, रात्री उशिरा ती रडवेली होऊन बोलली, आणि ती १९३ विरुद्ध २३५ अशी पडली. पुढच्या वर्षी १४ मे २००० ला, मदर्स डेला, वॉशिंग्टनमध्ये 'मिलियन मॉम मार्च' निघाला. शुभदा दहा वर्षांच्या केतकीला घेऊन गेली. मला तिने विचारलं नाही, सांगितलं. उन्हाने लाल होऊन दोघी रात्री परतल्या. बंदुकीच्या हक्कासाठी आलेल्या बायकांचाही एक लहान मोर्चा तिथे होता, असं केतकीने सांगितलं. त्याच नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघांनी या देशात पहिलं मत दिलं. २००४ च्या सप्टेंबरात १९९४ च्या बंदीची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

मग १६ एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेक, बत्तीस बळी. त्यात तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी. केतकी तेव्हा अकरावीत होती आणि तिच्या कॉलेजांच्या यादीत ते नाव होतं. आपल्यापैकी किती घरांत त्या आठवड्यात ती यादी बाहेर काढली गेली असेल! मारेकरी मुलगा स्वतःला धोकादायक आहे, असं तिथल्या न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं होतं, पण ती नोंद बंदूक विकताना होणाऱ्या केंद्रीय तपासणीपर्यंत पोहोचलीच नव्हती. नेमकी ही फट बुजवायचं विधेयक मॅकार्थी २००२ पासून मांडत होती, लाँग आयलंडवरच्या लिनब्रुकच्या चर्चमध्ये अशाच एका आजारी माणसाने दोघांना मारल्यापासून. सिनेटमध्ये ते अडलं होतं. आता ते पुढे सरकलं, तेही एन.आर.ए.च्या संमतीने, आणि ८ जानेवारी २००८ ला त्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच. अठरा वर्षांच्या कारकिर्दीतला तिचा हा मोठा कायदा. गोळ्यांच्या मॅगझिनचा मात्र झाला नाही. २०११ मध्ये टूसॉनला खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला, तेव्हाही मारेकरी लोकांच्या हाती लागला तो मॅगझिन बदलताना. त्याचं तेहतीस गोळ्यांचं होतं. मॅकार्थीने पुन्हा विधेयक मांडलं, पुन्हा ते तिथेच राहिलं.

तिच्या वाटेने पुढे इतरही गेले. २०१२ च्या ओक क्रीकच्या गुरुद्वारातल्या गोळीबारात ज्यांचे वडील गेले, ते अमरदीप कलेका २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधून काँग्रेससाठी उभे राहिले. पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले, पण आपल्या उपखंडातल्या घरातला माणूस उभा राहिला. २०१८ मध्ये जॉर्जियातून लूसी मॅकबॅथ निवडून आल्या, त्यांच्या मुलाला पेट्रोल पंपावर गोळी घातली होती. सँडी हूकच्या वीस मुलांनंतरही २०१३ च्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये ५४ मतं पडून साठ लागत असल्याने विधेयक पडलं होतं. युवाल्डीनंतर २०२२ च्या जूनमध्ये मर्यादित का होईना एक केंद्रीय कायदा झाला.

केतकी आता न्यू जर्सीत प्राथमिक शाळेत शिकवते. वर्षातून ठरावीक वेळा सात वर्षांच्या मुलांना दिवे मालवून भिंतीशी गप्प बसायची सवय ती देते. याबद्दल ती आमच्याशी फार बोलत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये कॅरोलिन मॅकार्थी वयाच्या ८१ व्या वर्षी गेल्याची बातमी आली. मी ती शुभदाला वाचून दाखवली. ती उठून आत गेली आणि पाकीट घेऊन आली. दोन घरं बदलली, पण तो खण जसाच्या तसा आमच्याबरोबर आलेला. ३२ सेंटचं तिकीट, फ्रिसांचा पत्ता, तिचं जुनं सुबक अक्षर. पाकीट अजून बंदच आहे. उघडू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पत्र माझं आहे. काय करायचं ते मी बघते."