अकरावीचा ऑनलाइन प्रवेश : मुंबईच्या उपनगरांतून गावात आलेली पद्धत, पहिला पसंतीक्रम जपून टाका

दहावीचा निकाल लागला की थेट तालुक्याच्या कॉलेजात जाऊन अकरावीचा फॉर्म भरायचा, ही पद्धत 2025 पासून बंद झाली. त्या वर्षी राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. गावाकडे हे नवीन असले तरी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांत ते 2009 पासून चालू आहे. तिथला अनुभव आपल्याही कामाचा आहे.

उपनगरांत काय झाले?
पूर्वी तिथले पालक एकेका कॉलेजसमोर फॉर्मसाठी रांगा लावायचे. ऑनलाइन आल्यावर रांगा गेल्या, पण घोर गेला नाही. 2009 मध्ये सरकारने 90 टक्के जागा एसएससीच्या मुलांसाठी ठेवल्या. हायकोर्टाने ते रद्द केले. 2010 मध्ये 'बेस्ट फाइव्ह'चा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे तो नियम टिकला. 2021 मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही. प्रवेशासाठी सीईटी ठरली, तीही हायकोर्टाने 10 ऑगस्टला रद्द केली.

कटऑफ एवढा का चढतो?
उपनगरांतली अनेक कॉलेजे अल्पसंख्याक संस्थांची आहेत. तिथे निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. शिवाय इनहाऊस आणि मॅनेजमेंट कोटा वेगळा. उरलेल्या जागांवर सगळ्यांची झुंबड उडते. कोट्यातल्या न भरलेल्या जागा कॉलेजने परत केल्या की त्या पुढच्या फेरीत येतात. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे सगळे संपले, असे नसते.

2025 चा हिशोब
निकाल 13 मे रोजी लागला. नोंदणी 21 मेला सुरू व्हायची होती, पण वेबसाइट चालेना, ती 26 मेपासून सुरू झाली. पहिली यादी 28 जूनला लागली. राज्यात सुमारे 21 लाख जागा होत्या आणि शेवटी आठ लाखांच्या आसपास रिकाम्या राहिल्या. म्हणजे जागा कमी नव्हत्या. ठराविक कॉलेजांवरच गर्दी होती.

खरी मेख इथे आहे
2025 च्या नियमाप्रमाणे एक ते दहा कॉलेजे पसंतीने टाकता येत होती. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागायचा. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद, मग थेट 'सर्वांसाठी खुली' फेरी. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे मिळाले तर मात्र ते घ्यायचे की थांबायचे, हे मुलाच्या हातात होते.

म्हणून नाव मोठे म्हणून लांबचे कॉलेज पहिले टाकू नका. ते लागले आणि जायला एसटी नसली, तर पोर अडकते. मुंबईत लोकल असते. आपल्याकडे सकाळची गाडी चुकली की दिवस गेला.

फॉर्म भरताना
- घरी बसून कॉलेजांची यादी कागदावर लिहा, मग सेतू केंद्रात जा.
- मागच्या वर्षीचा कटऑफ बघा. दोन-तीन हमखास लागतील अशी कॉलेजेही टाका.
- शाखा आणि माध्यम नीट तपासा, मगच फॉर्म लॉक करा.
- लॉगिन, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. मोबाइल नंबर घरातलाच द्या, केंद्रवाल्याचा नको.
- नियम दरवर्षी बदलू शकतात. त्या वर्षीच्या सूचना शाळेतून विचारून घ्या.