चंद्रावर उतरण्याचा खेळ

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. कितीतरी शाळांमधल्या मुलांनी तो प्रसंग पडद्यावर पाहिला. यानाची उंची आणि वेग दाखवणारे आकडे खाली खाली येत होते. दोन्ही एकाच वेळी शून्यापाशी पोहोचले पाहिजेत, हे कुणी न सांगताही मुलांना कळत होते. हेच दोन आकडे घेऊन १९६९ साली एका शाळकरी मुलाने संगणकावरचा एक खेळ लिहिला होता. खेळ रचता रचता प्रोग्रॅमिंग कसे शिकता येते, याचे तो खेळ एक उत्तम उदाहरण आहे.

जिम स्टोरर हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन हायस्कूलचा विद्यार्थी. त्याच्या शाळेतील मुलांना पीडीपी-८ हा संगणक वापरायला मिळत असे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्रावर उतरले आणि त्याच वर्षी स्टोररने 'फोकल' या भाषेत आपला प्रोग्रॅम लिहिला. यात चित्रे नव्हतीच. टंकयंत्रासारख्या यंत्रातून कागदावर वेळ, उंची, वेग आणि शिल्लक इंधन यांचे आकडे उमटत. सुरुवातीला यान १२० मैल उंचीवर असे आणि ताशी ३६०० मैल वेगाने खाली येत असे. पुढचे दहा सेकंद दर सेकंदाला किती पौंड इंधन जाळायचे, तो आकडा खेळणाऱ्याने द्यायचा : शून्य, किंवा ८ ते २०० यांमधला. इंधन घाईने जाळले तर शेवटी उरत नाही, आणि फार राखून ठेवले तर यान आदळते.

खेळायला एवढे पुरे. पण रचणाऱ्याला आणखी बरेच कळावे लागते. समजा, यानाचा वेग सेकंदाला १०० मीटर आहे आणि इंजिन बंद आहे. चंद्राचे गुरुत्वत्वरण सुमारे १.६ धरले, तर दहा सेकंदांनी वेग ११६ होईल. मग यान खाली किती आले? जुन्या वेगाने १००० मीटर, नव्या वेगाने ११६०, आणि खरे उत्तर या दोहोंच्या मधले, १०८०. पुस्तकातल्या सूत्रातला 'एक द्वितीयांश' कुठून येतो, ते इथे हाताला लागते. इंजिन चालू असेल तर इंधन जळून यान हलके होत जाते, त्यामुळे त्वरणही बदलते आणि साधी सरासरी पुरत नाही. स्टोररने यासाठी अग्निबाणाचे समीकरण आणि गणिती श्रेणी वापरली. परीक्षेत यासाठी गुण मिळणार नव्हते. यान नीट उतरायला हवे, म्हणून त्याने हे केले.

स्टोररने आपला प्रोग्रॅम पीडीपी-८ बनवणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनकडे धाडून दिला. तिथे शिक्षणविषयक काम पाहणाऱ्या डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणला. ही भाषा केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली डार्टमथ कॉलेजात तयार केली होती. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. आल यांनी १९७३ साली अशा १०१ खेळांचे पुस्तक काढले. १९७८ मधील त्याच्या सुधारित आवृत्तीने पुढे दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडला.

त्या पुस्तकात प्रोग्रॅम ओळीओळीने छापलेले होते. मुले ते पाहून टंकत. एखादा स्वल्पविराम राहिला की खेळ अडे, मग चूक शोधणे आले. खेळ चालू झाला की गुरुत्वाचा आकडा बदलून पाहायचा मोह होई. अशा उचापतींतून अनेकजण प्रोग्रॅमिंग शिकले. आपल्याकडे १९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तेही सुरू केल्याबरोबर बेसिकच्या आज्ञांची वाट पाहत.

या कथेचा शेवटचा भाग २०२४ मधला. मार्टिन सी. मार्टिन हे संगणक-अभियंते कमीत कमी इंधनात यान उतरवायचा प्रयत्न करत होते, पण हिशेब जुळेना. तेव्हा त्यांनी मूळ प्रोग्रॅम वाचून काढला. यान सर्वांत खाली केव्हा येईल हे काढणाऱ्या सूत्रात, वर्गमुळाच्या आत, एका पदाला २ ने भागायचे राहून गेले होते. त्यामुळे यान पृष्ठभागाला जेमतेम टेकत असले, तर खेळाला ते कळत नसे. ही चूक ५५ वर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती.

यात स्टोररला कमीपणा नाही. शाळेतल्या मुलाने लिहिलेले गणित इतकी वर्षे लोकांनी वापरले. आणि ते सर्वांना वाचता येत होते, म्हणूनच चूकही सापडली. आज आपल्या शाळेतल्या मुलांना संगणकावर तयार खेळ भरपूर मिळतात, पण त्यांच्या आतले गणित सहसा दिसत नाही. म्हणून एखाद्या तासाला 'स्क्रॅच'मध्ये, किंवा नुसत्या वहीत तक्ता आखून, हा खेळ मुलांकडून रचून घ्यावा. आधी दर सेकंदाचा वेग काढायचा, मग उंची. दोन गटांची उत्तरे वेगळी आली, तर बरोबर कोणाचे हे सांगायची घाई आपण करू नये. एकमेकांचे गणित वाचून चूक त्यांनाच शोधू द्यावी.